द्वारकाबाईंच्या फोनचं कुलूप

एका गावात एक बाई होती आणि तिच्या फोनला कुलूप होतं. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं, तर तिथल्या निम्म्या फोनांची कुलपं तुम्ही बसल्या जागी उघडायला बघाल आणि खापर माझ्या डोक्यावर फुटेल. बाईंचं नाव मात्र सांगतो. द्वारकाबाई.

द्वारकाबाईंचे दोन गुण गावाला पाठ होते. पहिला, त्या शब्दाच्या पक्क्या होत्या. एकदा बोलल्या म्हणजे बोलल्या. गावच्या विहिरीसाठी आपल्या मळ्याचा कोपरा देते म्हणाल्या आणि सोयऱ्याधायऱ्यांनी कितीही कान भरले तरी त्यांनी तो दिलाच. बांधावरून दोन घरांत जुंपली, की तंटा शेवटी त्यांच्याच ओट्यावर यायचा. "द्वारकाबाई म्हनली न्हवं, मग झालं," असं म्हणून लोक उठायचे आणि खरंच तसं व्हायचं.

दुसरा गुण म्हणजे हात आखडता. तूप त्या चमच्याने वाढत नसत, चमच्याच्या टोकाने वाढत. पाहुण्यापुढे चिवड्याचा डबा ठेवला तरी झाकण हातातच असायचं. याला मी गुण म्हणतो, कारण त्या स्वतः तो गुणच समजत. त्यांचे यजमान त्र्यंबकराव हा हसतमुख आणि गरीब स्वभावाचा माणूस होता. जेवायला बसले की ते एकदा तुपाच्या भांड्याकडे बघायचे, एकदा बायकोकडे बघायचे आणि कोरडाच भात कालवायला लागायचे.

यांची मुलगी कुमुद शहरात नोकरीला होती. दिवाळीला आली तेव्हा तिने आईला नवा फोन आणला. बोट टेकवलं की उघडतो, असा तो फोन. पण भाकऱ्या थापून थापून द्वारकाबाईंच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. फोन काही त्यांना ओळखेना. "माझाच फोन आन मलाच वळखीना!" असं म्हणत त्यांनी बोट पदराला पुसलं, पाण्याने धुतलं, शेवटी तेलही लावलं. फोन आपला ढिम्म.

कुमुदची परत जायची वेळ झाली होती. ती पायरी उतरता उतरता म्हणाली, "आई, मग शब्दाचंच कुलूप लाव. तुझ्या तोंडून कधीच बाहेर पडत नाही असा एखादा शब्द ठेव." याच्या पुढे तिला आणखी बरंच सांगायचं होतं, पण तेवढ्यात एसटी आली. ती पळाली आणि उपदेश अर्धाच राहिला.

द्वारकाबाई विचारात पडल्या. आपल्या तोंडून कधीच बाहेर पडत नाही असा शब्द कोणता? त्यांच्या तोंडून तर सगळंच बाहेर पडायचं. कुणाची गाय व्याली, कुणाची सून रुसली, कुणाच्या डाळीत खडे निघाले, सगळं. पुष्कळ डोकं खाजवलं आणि मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. तसा एक शब्द होता. जगात एकच होता.

त्या गावाची रीतच होती, बायकोने नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. 'हे' म्हणायचं, 'आमच्या घरचे' म्हणायचं, 'कुमुदचे वडील' म्हणायचं. जिच्या नवऱ्याचं नाव मारुती होतं, ती शनिवारी देवळात जाऊन 'ह्यांच्यासारख्या त्यांना' नारळ फोडायची. नाव घ्यायचं ते फक्त हळदीकुंकवाला, उखाण्यात, तेही चारचौघींनी आग्रह केल्यावर. एरवी तोंडाला कुलूप. मग फोनलाही तेच कुलूप का असू नये?

द्वारकाबाईंनी दार लोटलं आणि एकेक अक्षर शोधून नवऱ्याचं नाव लिहिलं. नुसतं 'त्र्यंबक' लिहायला जीव धजावेना, म्हणून मानाने 'राव' जोडलं. फोनने ते मान्य केलं. द्वारकाबाई एकट्याच गालात हसल्या.

आता, हे नाव त्यांच्या घराच्या पाटीवर होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या मागे लाल रंगात, वेलबुट्टी काढून लिहिलेलं होतं. देवळाच्या पायरीवर कोरलेलं होतं आणि रोज अख्खं गाव त्याच्यावर पाय देऊन दर्शनाला जायचं. पण ते द्वारकाबाईंच्या तोंडात नव्हतं. म्हणून त्यांच्या हिशेबी ते गुपित होतं.

फोनवरच्या गावच्या ग्रुपच्या कारभारी द्वारकाबाईच. एखादी गोष्ट आपल्याला कळली आणि दुसऱ्याला शिकवली नाही, असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. त्यांनी बायकांना देवळाच्या मंडपात गोळा केलं आणि कुमुदचा अर्धा उपदेश पुरा समजून सांगून टाकला.

"आपापल्या फोनला शब्दाचं कुलूप लावा गं. आन शब्द असा धरा, की जो आपुन तोंडातनं कंदीच काढत न्हाई."

बायका विचार करू लागल्या. मग एकीचे गाल लाल झाले. मग दुसरीचे. बघता बघता सगळ्या जणी पदराआड फोन धरून, एकमेकींकडे पाठ करून, लाजत लाजत टायपू लागल्या. ही नामी युक्ती फक्त आपल्यालाच सुचली, असं प्रत्येकीला वाटत होतं.

"माझं कुलूप तर बरम्हदेवाला बी उघडायचं न्हाई," द्वारकाबाई जाता जाता म्हणाल्या. हे वाक्य लक्षात ठेवा. गावाने ठेवलं होतं.

संक्रांत आली. द्वारकाबाईंकडे हळदीकुंकू होतं. त्यांनी वाण म्हणून प्रत्येकीला एकेक सुई दिली आणि दोऱ्याचं पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. तिळाचे लाडू इतके बारीक होते, की त्यांची धाकटी जाऊ शेवंता हिने एक तोंडात टाकला तो दातातच अडकला, पुढे गेलाच नाही. ही शेवंता शेजारच्याच घरात राहायची. नवी नवरी म्हणून आली तेव्हापासून घरं वेगळी होईपर्यंत ती द्वारकाबाईंच्याच हाताचं जेवली होती. मनाने वाईट नव्हती, पण थट्टेखोर होती आणि त्या दिवशी तिच्या पोटात राग होता.

बायकांनी गलका केला. "नाव घ्या, नाव घ्या!" द्वारकाबाईंनी आधी नाही नाही म्हणून घेतलं, कारण तशी रीत आहे. मग पदर सावरला, घसा खाकरला आणि खास तयार केलेला उखाणा म्हटला:

"फोनला घातलं कुलूप, चोराला न्हाई वाव,
किल्ली ठेवली काळजात, तिचं नाव त्र्यंबकराव!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. काय तो उखाणा! कशी ती ऐट! एकट्या शेवंताचे टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. तिने उखाणा मनात पुन्हा म्हणून बघितला. मग पदर तोंडात कोंबून ती भिंतीकडे वळली.

द्वारकाबाई आत लाडू मोजायला गेल्या. फोन भिंतीतल्या देवळीत पडून होता. शेवंताने इकडे तिकडे बघितलं आणि हळूच थोरल्या दिरांचं नाव लिहिलं. जावई आल्यावर सासऱ्याचं दार उघडावं तसं कुलूप उघडलं. बरम्हदेवाला बोलवायची गरजच पडली नाही.

तिला नुसतं बघायचं होतं. पण दातात तो लाडू अजून होता. तिने गावाच्या ग्रुपवर लिहिलं, 'उद्या दुपारी माझ्या घरी साऱ्या गावाला पुरणपोळीचं जेवण. लेकराबाळांसकट यावं. तूप मागाल तेवढं.' आणि फोन जागेवर ठेवून ती सगळ्यांच्या आधी घरी गेली. तिला वाटलं, जाऊबाई वाचतील, बोटं मोडतील, 'मी नाही गं बाई लिहिलं' म्हणतील. दोन दिवस गाव हसेल आणि विषय संपेल.

शेवटचं वाक्य वाचून गावाला शंका यायला हवी होती. द्वारकाबाई आणि मागाल तेवढं तूप? काही जणांना आली सुद्धा. पण फोन द्वारकाबाईंचा, त्याला कुलूप ते तसलं, आणि शब्द द्वारकाबाईंचा. 'द्वारकाबाई म्हनली न्हवं, मग झालं,' असं म्हणून गावाने रात्री जरा कमीच खाल्लं.

सकाळी द्वारकाबाई दार उघडून बघतात, तर अंगणात दोघे जण दगड मांडून मोठी चूल लावताहेत. गवळी दुधाची किटली घेऊन उभा आहे. "काकू, केवढं मोठं मन तुमचं! दूध आपल्याकडनं," म्हणाला. शाळेच्या गुरुजींनी निरोप पाठवला होता, की दुपारची सुट्टी दिली आहे, मुलं रांगेने येतील. शेजारच्या गावचे कुणाचे तरी व्याही तर येऊन ओट्यावर बसलेही होते.

द्वारकाबाईंनी धावत जाऊन फोन उघडला. वाचत वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आल्या आणि ती त्यांनी बोट ठेवून पुन्हा वाचली.

त्र्यंबकराव अंघोळ करून, ठेवणीतला सदरा घालून बाहेर आले. त्यांची नजर तुपाच्या भांड्याकडे होती आणि त्या नजरेत आज आशा होती.

"अगं, काल मला बोलली न्हाईस काही! एकदम गावालाच सांगितलंस व्हय?"

"अहो, ह्ये म्या न्हाई लिवलं!"

"मग कुनी लिवलं?"

"कुनीतरी माझा फोन उघडला."

"पन त्याला कुलूप हाय की. काय शब्द हाय त्यो?"

द्वारकाबाईंनी फोन पदराखाली घेतला.

"अगं, सांग की. मी का परका हाय?"

"दुसऱ्या कुनाला बी सांगीन एक येळ," द्वारकाबाई खाली मान घालून म्हणाल्या, "पन तुमाला न्हाई सांगता यायचा."

त्र्यंबकरावांच्या डोळ्यांतली तुपाची आशा मावळली. ते ओट्याच्या कडेला टेकले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कुनाचं नाव हाय का?"

"व्हय."

"बाप्याचं?"

"व्हय."

त्र्यंबकराव मांडीवरची टोपी गोल गोल फिरवू लागले. द्वारकाबाईंच्या माहेरी त्यांच्या शेजारी एक मुलगा राहायचा, तो त्यांना आठवला. तो बासरी वाजवायचा. लग्नातही तो फार छान वाजवून गेला होता, त्र्यंबकरावांनी स्वतः त्याला नारळ दिला होता.

"त्यो बासरीवाला न्हवं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

द्वारकाबाईंना हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं. गाव जेवायला येत होतं, चुलीवर काही नव्हतं, आणि हा माणूस बासरीवाल्याची चौकशी करत बसला होता. पण त्याचा उतरलेला चेहरा त्यांना बघवेना. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि त्या कालचा उखाणा पुटपुटल्या.

"म्हंजे... मी?"

"मग काय, बासरीवाला?"

"म्हंजे रोज फोन उघडताना तू माझं नाव घेतीस?"

"घेत न्हाई. लिवते."

त्र्यंबकराव बायकोच्या बोटांकडे बघू लागले. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोच्या तोंडून आपलं नाव सणासुदीला, तेही दुसऱ्या खोलीतून, कान देऊन ऐकलं होतं. आणि ही बाई ते दिवसभर बोटाने लिहीत होती! त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी टोपी उलटीच घातली. मग मात्र त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"पन द्वारके, ह्ये नाव तर ट्रॉलीच्या मागं लिवलंय की गं."

द्वारकाबाईंनी ट्रॉलीकडे बघितलं. मग दारावरच्या पाटीकडे बघितलं. ती पाटी त्या रोज सकाळी पुसायच्या.

"गावाला खरं सांगून टाकू," त्र्यंबकराव समजुतीने म्हणाले. "फोन दुसऱ्यानं उघडला म्हनून सांगू. लोक घेतील समजून."

एवढ्यात शाळेत निघालेली मुलं फाटकातून आत डोकावू लागली. दुपारच्या जेवणासाठी घरूनच ताट-वाटी घेऊन निघाली होती, आणि पुढच्या दोघींनी तर वाट्या दोन दोन आणल्या होत्या, एक खास तुपासाठी. द्वारकाबाई त्या वाट्यांकडे बघत उभ्या राहिल्या. 'हे जेवण माझं नाही' एवढंच म्हणायचं होतं. खोटंही नव्हतं. तोंड उघडलं, की सुटका होती.

"सांगते," त्या म्हणाल्या. "पन जेवनं झाल्यावर. माझ्या नावानं सांगावा गेलाय. आज मी म्हनले की ह्यो माझा न्हवं, तर उद्यापासनं माझा कंचा आन दुसऱ्याचा कंचा, ह्ये लोकांनी कसं वळखावं? कुलूप मी कच्चं लावलं. त्यात ह्या पोरांचा काय गुन्हा?"

आणि पदर खोचून त्या माळ्यावर चढल्या. माळ्यावर काय होतं, हे त्र्यंबकरावांनाही ठाऊक नव्हतं. एकामागून एक तुपाच्या बरण्या खाली येऊ लागल्या. वर्षानुवर्षं चमच्याच्या टोकाने वाचवलेलं ते तूप होतं. त्र्यंबकराव एकेक बरणी दोन्ही हातांनी झेलत होते आणि प्रत्येक बरणीला "आगं आई!" म्हणत होते.

मग गावच्या बायका आल्या आणि कामाला भिडल्या. कणगीतली डाळ निघाली, घरचा गूळ फुटला, पुरण शिजलं. शेवंताही आली. येणं भागच होतं. नेहमी सगळ्यांना हसवणारी शेवंता आज खाली मान घालून पोळ्या लाटत बसली. पोळ्या मात्र तिच्या सगळ्यांत पातळ झाल्या.

पंगती बसल्या. तूप वाढायला स्वतः द्वारकाबाई निघाल्या. हातात चमचा नव्हता, वाटी होती. पहिल्या पानावर वाटी कलंडली तेव्हा त्यांचा हात थोडा कापला, ते मी लपवणार नाही. दुसऱ्या पानावर कमी कापला. मुलांच्या पंगतीत पोचेपर्यंत तो सैल सुटला होता, आणि मुलं दुसरी वाटी पुढे करत होती.

बायकांच्या पंगतीत त्या शेवंतापाशी आल्या. त्यांनी तूप वाढायला सुरुवात केली आणि त्या थांबल्याच नाहीत. पोळी बुडाली, तूप ताटाच्या कडेला लागलं.

"आक्का, पुरे!"

"घे गं. मागशील तेवढं म्हनलंय."

शेवंताचा घास हातातच राहिला. तिच्या डोळ्यांतून टिपं गळायला लागली. "आक्का," ती कशीबशी बोलली, "त्ये म्या लिवलं."

"ठावं हाय मला."

"कसं?"

"आगं, पुरनपोळीचं कुनी बी लिवलं असतं," द्वारकाबाई तिच्या शेजारी उकिडव्या बसल्या. "पन 'तूप मागाल तेवढं' ह्ये लिवनारं मानूस माझ्याच घरात तूप मागून कोरडं उठलेलं असलं पायजे. ती तूच. नवी नवरी व्हतीस. चार लोकांत मागितलंस आन म्या ऐकलं न्हाई असं दाखवलं. तवाच वाढलं असतं तर कालचा सांगावा तू लिवलाच नसतास."

"माझं बी चुकलंच, आक्का. दुसऱ्याचा फोन उघडू ने. थट्टेत बी उघडू ने."

"न्हाईच उघडू. पुना उघडलास तर बोटं मोडीन. आता जेव." आणि त्यांनी पुन्हा वाटी कलंडली. दोघी रडल्या, दोघी हसल्या, पोळी मात्र पार गार झाली.

जेवणं आटोपली. सुपारी फिरली. मग द्वारकाबाई अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"कालचा सांगावा म्या लिवला न्हवता," त्या म्हणाल्या. "माझं कुलूप बरम्हदेवाला उघडायचं न्हाई म्हनले व्हते. त्ये एका मानसानं एका फटक्यात उघडलं. कुनी, त्ये मी सांगनार न्हाई आन तुमी इचारू नका. आज नुसतं जेवनाचं आवतन गेलं. उद्या माझ्या नावानं कुनी कुनाला शिव्या लिवल्या असत्या, तर? दोन घरं तोडली असती, तर? शब्द म्या कच्चा धरला. घरधन्याचं नाव लावलं व्हतं."

अंगणात एकदम कुजबुज झाली. बायकांचे हात आपोआप आपापल्या फोनकडे गेले.

"आता खरं सांगा. अजून कुना कुनाच्या फोनला घरधन्याचं नाव हाय?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग सरपंचीणबाईंनी हात अर्धा वर केला आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग त्यांच्या मागचीने केला. मग हातांचं रानच उगवलं. पलीकडे बसलेले पुरुष बघतच राहिले. कुणी मिशीला पीळ दिला, कुणी उगाच आभाळाकडे बघितलं. ज्याचं काल बायकोशी भांडण झालं होतं, तो चटकन उठून तिच्या हातातला भांड्यांचा ढीग घ्यायला गेला. एक गणपा तेवढा कासावीस होऊन आपल्या बायकोकडे बघत होता. तिचा हात खालीच होता.

"का गं? तुझ्या फोनला कुनाचं नाव हाय?"

"म्हशीचं," ती म्हणाली. बिचारी त्या दिवशी मंडपात आलीच नव्हती.

गणपा हिरमुसला. पण म्हैस चांगली होती, हे त्यालाही मान्य होतं.

मग द्वारकाबाईंनी सगळ्यांसमक्ष कुमुदला फोन लावला आणि आवाज मोठा केला. कुमुद आधी पोट धरून हसली, मग चिडली. "आई, तोंडून न निघणारा म्हणजे दुसऱ्या कुणाला ठाऊक नसलेला! पुढचं सांगायच्या आत एसटी आली ना. नवऱ्याचं नाव नको, मुलांचं नको, देवाचं नको, जन्मतारीख नको."

"आन म्हशीचं?" मागून गणपाने विचारलं.

"म्हशीचंही नको! एकमेकांशी काही नातं नाही असे तीनचार शब्द घ्या. जेवढं लांब तेवढं बरं. मध्ये आकडे घाला. फोनला एक, बँकेला दुसरं, एकच किल्ली सगळीकडे नको. दुहेरी तपासणी असते, ती चालू करा, म्हणजे शब्द कुणाला कळला तरी फोनवर येणारा आकडा लागतो. तो आकडा कुणी विचारला तर सांगायचा नाही, मग तो स्वतःला साहेब म्हणवून घेवो नाहीतर जावई. आणि फोन उघडा टाकून आत जायचं नाही."

"पन शब्द धरायचे म्हंजे कसे?" सरपंचीणबाईंनी विचारलं.

"कसेही. समजा, 'ढग पायताण मुळा सात'."

कुमुदला टकटक ऐकू आलं. सगळ्या जणी भराभरा टायपत होत्या.

"अगं बायांनो, तो नको! तो मी आत्ताच सगळ्यांना सांगितला!"

टकटक थांबली. पुसून पुन्हा लिहिणं आलं. त्या दुपारी प्रत्येक बाई एकेका झाडाखाली एकटी बसून स्वतःच्या डोक्याने शब्द शोधत होती. त्यात संध्याकाळ झाली, पण गावाची कुलपं पक्की झाली.

पुढे रथसप्तमीला सरपंचांच्या घरी हळदीकुंकू होतं. बायकांनी पुन्हा गलका केला. "द्वारकाबाई, नाव घ्या!" द्वारकाबाईंनी पदर सावरला, घसा खाकरला.

"फोनला घातलं कुलूप नवं, शब्द त्याचा..."

सगळ्या जणी पुढे झुकल्या. शेवंताने तर दोन्ही कानांत बोटं घालून घेतली. द्वारकाबाईंनी जीभ चावली आणि त्या मोठ्याने हसल्या. "न्हाई गं बायांनो! एकदा गाव जेवू घातलंय, पुरे झालं."

तेवढ्यात बाहेरून ट्रॅक्टरचा आवाज आला. त्र्यंबकराव मळ्यातून परतत होते. द्वारकाबाई उठल्या, उंबऱ्यापाशी गेल्या आणि उखाणा नाही, यमक नाही, आडपडदा नाही, त्यांनी सरळ खणखणीत हाक मारली.

"त्र्यंबकराव! घरला चला, मी आलेच जेवान वाढाया!"

हळदीकुंकवाच्या खोलीतल्या साऱ्या जणी उंबऱ्याकडे धावल्या. "आक्का, आवो, नाव घेतलंत!" शेवंता म्हणाली.

"मग? आता त्ये कुलपात न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "मोकळं झालंय."

रस्त्यावर ट्रॅक्टर बंद पडला होता. त्र्यंबकरावांनीच बंद केला होता, पुन्हा हाक आली तर नीट ऐकू यावी म्हणून. मग त्यांनी अशी मोठी 'ओ' दिली, की ती पार विहिरीपर्यंत ऐकू गेली. त्या दिवशी त्यांच्या भातावर तूप न मागता पडलं.

तात्पर्य: जिवाभावाच्या माणसाचं नाव हाक मारायला असतं, फोनला लावायला नव्हे. कुलपाला असा लांब आणि अवघड शब्द ठेवावा, ज्याचा आपल्या माणसांशी, घराशी आणि गोठ्याशी काही संबंध नाही. तो कुणालाही सांगू नये, आणि उखाण्यात तर मुळीच घेऊ नये.